सामाईक घरातला इग्वाना

हे लिहायचं नाही असंच जवळजवळ ठरलं होतं. एक तर कौस्तुभ माझा मित्र, आणि त्याच्या घरची माणसं मला अजून जेवायला बोलावतात. दुसरं म्हणजे यात त्याचे बाळाकाका आहेत, आणि कुठे काही छापून आलं की त्याची झेरॉक्स काढून वकिलाकडे जायची बाळाकाकांना सवय आहे. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण परवा मालवणात चहाच्या टपरीवर एकाने हीच गोष्ट मलाच सांगितली. तिच्यात इग्वानाच्या जागी मगर होती आणि मगर बाळाकाकांना चावली होती. तेव्हा म्हटलं, खरं काय ते एकदा लिहून टाकू. कोणी कोणाला चावलेलं नाही. चावलं असतं तर प्रकरण लवकर मिटलं असतं, एवढंच.

तर सुरुवात दीपेशपासून. दीपेश आमच्या दोघांचा शाळेपासूनचा दोस्त, जहाजावर नोकरीला. अर्धं वर्ष समुद्रावर, उरलेलं कणकवलीत भाड्याच्या फ्लॅटवर. त्या फ्लॅटमध्ये त्याने एक इग्वाना पाळला होता. हिरवागार, शेपटी धरून माणसाच्या हातापेक्षा लांब, गळ्याखाली पिशवी, पाठीवर करवतीचे दात, आणि चेहरा असा की तुम्ही त्याच्याकडे कर्ज मागायला आलायत आणि त्याला तुमचा जामीनदार पसंत नाही. नाव कॅप्टन. जहाजावरचा खरा कॅप्टनही असाच न बोलता बघत राहतो, असं दीपेश सांगतो.

झालं काय, फ्लॅटमालकाने जागा खाली करायला सांगितली आणि त्याच आठवड्यात दीपेशला जहाजावरून बोलावणं आलं. तो पिंजरा रिक्षात घालून थेट मालवणजवळच्या हडी गावात, कौस्तुभच्या दारात.

"कौस्त्या, मी येयसर सांबाळ. पालो खाता, ऊन खाता, गप रवता. तुझ्या ऑफिसातल्या शिपायापेक्षा कमी तरास."

"चावता?"

"तुका कित्याक चावात? तुझ्यात खावक काय आसा?"

"आनि कायदो?"

हा प्रश्न कौस्तुभ विचारणारच. तो मालवणातल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. समोर माणूस बसला की त्याला आधी माणूस दिसत नाही, अपुरे कागद दिसतात. बायको बघायला गेला तेव्हा मुलीच्या वडिलांना त्याने "आधार लिंक आसा मा?" असं विचारलं होतं, म्हणून तो अजून एकटा आहे.

"कागद सगळे आसत," दीपेश म्हणाला. "परदेशी जनावर पाळूचा तर सरकारी साइटीर नोंद करूची लागता, ती केलंय. माझ्या नावार, कणकवलीच्या पत्त्यार. आता जागा बदलली, ती फकत कळवूची."

फकत. कोकणात कागदाच्या बाबतीत हा शब्द तोंडातून काढू नये.

दीपेश गेला. कॅप्टन पडवीत पिंजऱ्यात बसला. आणि चिऱ्याच्या गडग्यावरून, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवरून, पहिलं डोकं वर आलं ते शेजारच्या मथुराकाकूंचं.

"घोरपड हाडलंस रे?"

"घोरपड न्हय काकू. इग्वाना. परदेशातलो."

"परदेशात जावन घोरपडीची काय मडम होता?"

संध्याकाळपर्यंत अर्धी वाडी अंगणात. सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणाला, याच्या तेलाने गुडघे सुटतात. दुसरा म्हणाला, गुडघे सुटतील पण तू आत अडकशील, घोरपड वाघाच्या बरोबरीने कायद्यात आहे. तिसऱ्याने शहाणपणाने सांगितलं, त्यापेक्षा आपलं तळ्यातलं कासव ठेव, कासवाला कोण विचारतो. कौस्तुभने ताबडतोब मोबाइलवर बघितलं. कासवालाही विचारतात. कासव, घोरपड, अजगर, सगळ्यांना सरकार विचारतं. न विचारलेला असा सरपटणारा प्राणी आपल्याकडे राहिलेला नाही, पाल सोडून. आणि पालीबद्दलही त्याने खात्री करून घेतली.

मग पोपट निघाला. कोणीतरी म्हणालं, आपला साधा हिरवा पोपटसुद्धा पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे. सगळ्यांनी मथुराकाकूंकडे बघितलं. काकूंचा मिठू त्यांच्या ओटीवर कैक वर्षं आहे. काकू गडग्यापलीकडे गुप्त झाल्या.

नेमकं दुसऱ्या दिवशी कोणीतरी फोन केला आणि वनखात्याच्या सारिका मॅडम दारात उभ्या. वनपाल. खाकी गणवेश, हातात मोबाइल, आणि 'घोरपड पकडायला आलेय' असा चेहरा. ऑफिसची माणसं आली की आपल्याकडे सगळ्यांचं मराठी इस्त्री केल्यासारखं होतं. कौस्तुभ म्हणाला, "या मॅडम, बसा, घोरपड नाही आहे ती, माझ्याकडे सर्व कागदपत्रं उपलब्ध आहेत."

मॅडमनी कॅप्टनकडे बघितलं. कॅप्टनने त्यांच्याकडे बघितलं. दोघांचा स्वभाव जुळला असावा. "इग्वाना आहे," त्या म्हणाल्या. "नोंद दाखवा."

एवढ्यात गडग्यापलीकडून, भाताच्या मोठ्या टोपाखालून आवाज आला. "कोण ता? कोण ता?"

मॅडम वळल्या. "तिकडे कोण बोललं?"

"आमचे हे," मथुराकाकू म्हणाल्या. "खोकला झालाय त्यांना."

त्यांचे 'हे' त्यांच्या शेजारी खुर्चीत बसून तोंड बंद ठेवून भाजी निवडत होते.

"च्याय दी! मथुरे, च्याय दी!" टोप म्हणाला.

ते प्रकरण पुढे असं मिटलं की मॅडमनी समोर उभं राहून मिठूला सोडायला लावलं. मिठू उडाला, आंब्यावर बसला, आणि चहाच्या वेळेला परत आला. तेव्हापासून पिंजरा काढून टाकलाय, तो स्वतःहून येतो आणि जातो. काकूंच्या मते तो आता पाळलेला नाही, पाहुणा आहे, आणि पाहुण्याला कायदा नाही. काकूंशी वाद घालायला मॅडम पुन्हा आलेल्या नाहीत.

कॅप्टनचं मात्र मॅडमनी नीट समजावून सांगितलं. "प्राणी जिथे राहतो तो पत्ता नोंदीत बदलून घ्या. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला, पिंजऱ्याचे फोटो, आणि पत्त्याचा एखादा कागद. लाइट बिल चालेल. महिनाअखेरपर्यंत आणा. नाहीतर मला प्राणी ताब्यात घ्यावा लागेल आणि ज्यांच्या नावावर आहे त्यांच्यावर केस होईल."

ज्यांच्या नावावर म्हणजे दीपेश. दीपेशवर केस म्हणजे पोलिसांचा दाखला नाही. दाखला नाही म्हणजे पुढचं जहाज नाही. आणि दीपेशच्या घरी म्हातारे आईबाप त्या जहाजावरच जगतात. मित्राने विश्वासाने टाकलेला जीव आणि मित्राची नोकरी, दोन्ही एका लाइट बिलावर लटकत होते.

आता इथे मी किंवा तुम्ही काय केलं असतं? लाइट बिल दिलं असतं. पण कौस्तुभने ते हातात घेतलं, आणि त्याच्या आतला कर्ज विभाग जागा झाला. बिल होतं दत्ताराम आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन जमाना झाला, पण त्यांच्या नावाने वीज अजून वापरली जाते. घरपट्टीही त्यांच्याच नावावर. हडकरांच्या, म्हणजे कौस्तुभच्या, घराचे वारस पसरलेत डोंबिवलीपासून बडोद्यापर्यंत, आणि वाटणी हा शब्द गणपतीत सगळे जमले की निघतो आणि आरतीच्या आत बंद होतो.

"मयत माणसाच्या बिलार जिवंत प्राणी?" तो मला म्हणाला. "उद्या कोणी ऑब्जेक्शन घेतल्यान तर दीपेश खंय जायत? काम करूचा तर पक्क्या करूचा. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती घेतंय."

"मॅडमनी मागल्यान?"

"मागूक लागात अशी वेळ येवक देवची नाय. ह्येका म्हणतत प्रोफेशनल."

मी गप्प बसलो. तेव्हा बोललो असतो तर ही गोष्ट झाली नसती, आणि मला त्यांच्याकडे चार-पाच वेळा फुकट मासे जेवायला मिळाले नसते.

'हडकर परिवार (सामाईक)' हा त्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. त्यावर एरवी सुविचार आणि मेलेल्या माणसांचे फोटो येतात. कौस्तुभने त्यावर टाकलं: 'सर्वांस कळविण्यात येते की आपल्या राहत्या घरात एक परदेशी सरपटणारा प्राणी वास्तव्यास असून त्याची शासनदरबारी सदर पत्त्यावर नोंद करणे आहे. तरी सर्व हिस्सेदारांनी आपापली संमती सहीनिशी द्यावी.'

त्यावर डोंबिवलीच्या जितूकाकांचा, म्हणजे कौस्तुभच्या दुसऱ्या काकांचा, एकच शब्द आला. 'वास्तव्यास?'

त्याच संध्याकाळी बाळाकाका आले. हे कौस्तुभचे सख्खे काका, त्याच घराच्या पलीकडच्या अंगाला राहतात, मधे फक्त एक भिंत आणि पुष्कळसा इतिहास. उभं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवर गेल्यामुळे बाळाकाकांना कायदा कळतो, निदान त्याची भीती तरी कळते.

"कौस्तुभा, तुका अक्कल आसा काय रे? घराक कूळ लावतंस?"

हे बाहेरच्यांना सांगायला हवं. कूळ म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत कसायला राहिलेला माणूस, जो कायद्याने एक दिवस तिचा मालक होऊन बसतो. आमच्याकडचा माणूस बिबट्याला भीत नाही एवढा कुळाला भितो.

"काका, ता जनावर आसा."

"आसांदे. सरकारी कागदार नाव चढला की चढला. उद्या ता म्हणात, मी हय रवलंय, माका पडवी लावन दिया."

"ता बोलणा नाय, काका."

"आज बोलणा नाय. त्याचो वकील बोलतलो."

कौस्तुभची आई, सुभद्राकाकी, आतून म्हणाली, "भावजी, च्या घेवन जावा. पडवी खंय पळान जायत नाय."

"वैनी, पडवये अशेच जातत," बाळाकाका म्हणाले, आणि चहा घेऊन, म्हणजे पिऊन, तडक निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वनखात्याच्या ऑफिसात जाऊन लेखी हरकत दिली. शिक्का मारलेली प्रत खिशात घालून ते वाडीभर फिरले. लग्नाची पत्रिका दाखवावी तसे दाखवत होते.

जितूकाकांनी डोंबिवलीहून मसुदा पाठवला. 'सदर प्राणी हा केवळ परवानगीने राहत असून त्याचा, त्याच्या वारसांचा अथवा अंड्यांचा मिळकतीत कोणताही हक्क, हिस्सा, हितसंबंध असणार नाही.' कॅप्टन नर आहे असं कौस्तुभने कळवलं. 'ते डॉक्टरांकडून लिहून आण,' असं उत्तर आलं. बडोद्याच्या आत्याने सही करते म्हणून सांगितलं, पण आपलं नाव यादीत जितूच्या वर हवं, कारण ती मोठी. जितूकाका म्हणाले, ती मोठी आहे पण लग्न होऊन गेलीय. यावर आत्याने ग्रुप सोडला. मग तिला परत घेण्यासाठी दोन दिवस विनवण्या. कॅप्टन या सगळ्यात शेवग्याचा पाला खात पडवीत बसला होता, आणि हिरवा होता. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे तो हिरवा राहिला नाही.

इथून पुढे बाळाकाका फिरले.

एका सकाळी ते हातात जास्वंदीची फुलं घेऊन आले. कॅप्टनसाठी. कौस्तुभला वाटलं, हृदयपरिवर्तन.

"बिचाऱ्याक हय ऊन नाय," काका म्हणाले. "माझ्या पडयेत ठेव. थंय दिसभर ऊन. आनि नोंद करताना थंयचीच कर. 'बाळा हडकर यांच्या ताब्यातील पडवी'. असाच शब्द घाल."

ही कूळवाली भानगड त्यांनी वकिलाला विचारली होती. वकील हसला आणि म्हणाला, प्राणी कूळ होत नाही हो, पण सरकारी कागदावर जागा ज्याच्या ताब्यात लिहिली जाईल त्याची वहिवाट दिसेल. झालं. ज्या पडवीवरून बाळाकाका आणि जितूकाका हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, त्या पडवीचा पुरावा पाला खात समोर बसला होता.

पण वकिलाचा भाचा डोंबिवलीत राहतो. दोन दिवसांत जितूकाका कोकण रेल्वेने हजर. हातात बॅग आणि एक गंजलेली चावी. ती त्यांच्या खोलीची, जी त्यांनी वडिलांच्या बाराव्यानंतर बंद केली ती बंदच होती.

"प्राणी माझ्या खोलीत राहील," ते म्हणाले. मुंबईत राहून त्यांचं मालवणी रागावल्याशिवाय बाहेर येत नाही. "खोली रिकामीच आहे. मी त्याला पंखा लावून देतो."

"बारा वर्सा कोळ्यांक फॅन लावलंस नाय तां?" बाळाकाका म्हणाले.

"तू गप रव रे! तुझ्या पडयेचो पायो कोणी घातलो ता माका म्हायत आसा!" मालवणी आलं.

त्या दिवसापासून कॅप्टनची यात्रा सुरू झाली. सकाळी कौस्तुभ ऑफिसला गेला की बाळाकाका पिंजरा आपल्या पडवीत नेऊन फोटो काढायचे. दुपारी ते झोपले की जितूकाका तो उचलून खोलीत नेऊन फोटो काढायचे. फोटोवर तारीख दिसावी म्हणून पिंजऱ्याशेजारी त्या दिवशीचा पेपर उभा करायचे, त्यामुळे कॅप्टन खंडणीसाठी पळवून नेल्यासारखा दिसायचा. संध्याकाळी सुभद्राकाकी तो शोधत फिरायची. "आज कोणाकडे आसा गो तो?" असं ती मथुराकाकूंना विचारायची, आणि काकू गडग्यावर बसून खडान्‌खडा सांगायच्या, कारण त्यांची टीव्हीवरची मालिका त्यांनी त्या आठवड्यात बंद केली होती.

कॅप्टनने खाणं सोडलं. हिरव्याचा मळकट तपकिरी झाला. गळ्याची पिशवी रिकामी लोंबायला लागली. कौस्तुभने मला स्कूटरवर मागे बसवलं, पिंजरा माझ्या मांडीवर दिला आणि आम्ही कुडाळला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. वाटेत प्रत्येक स्पीडब्रेकरला कॅप्टन माझ्याकडे बघायचा. मी काही कर्ज बुडवलेलं नाही, पण मला उगाच आठवून बघावंसं वाटलं.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. "आजार काही नाही. याला ताण आलाय. घरात काही वादविवाद आहेत का?"

"नाही, तसं सगळं घरगुती आहे," कौस्तुभ म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. याला एका जागी ठेवा, स्वतःची जागा लागते याला. असंच चालू राहिलं तर हा महिना काढणार नाही."

परत येताना कौस्तुभ वालावलच्या वळणावर थांबला. स्कूटर लावली आणि रस्त्याकडेला बसून राहिला. "मी दीपेशाक काय सांगू?" तो म्हणाला. "तो रोज मेसेज करता, फोटो धाड. मी जुने फोटो धाडतंय." मला त्याचं पहिल्यांदाच खरंखुरं वाईट वाटलं. कागदांवर जीव लावणारा माणूस एका सरड्यासाठी रडवेला झाला होता, आणि त्याला तेही कोणत्या फायलीत लावायचं कळत नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून सुभद्राकाकीने ग्रामदेवतेला कौल लावला. आमच्याकडे माणसाचं अडलं की देवाला विचारतात. मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावायच्या, ज्या बाजूची पाकळी आधी पडेल तो देवाचा शब्द. उजवी पडली तर बाळाकाकांची पडवी, डावी पडली तर जितूकाकांची खोली. दोघांनी मान्य केलं, कारण दोघांनाही खात्री होती की देव आपल्या बाजूचा आहे.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा! आज ह्या हडकरांच्या घराक जा काय हिरव्या जनावर येवन रवला आसा..."

"व्हय महाराजा!" सगळे.

"...ता आता हिरव्या रवला नाय..."

"व्हय महाराजा!" हे एकट्या कौस्तुभचं, कळवळून.

"...तेचो रवाचो ठाव खंय, ह्येचो निवाडो कर. आनि ह्येच्यात जो कोण वाकड्या वाटेन जायत आसात, तेका सरळ वाटेक हाड रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" बाळाकाका आणि जितूकाका एकमेकांकडे बोट दाखवून एवढ्या मोठ्याने ओरडले की देवळातली वटवाघळं उडाली.

पाकळ्या पडेनात. पंखा बंद केला. पाकळ्या पडेनात. जितूकाकांना संशय आला की गुरवाने जास्त ओल्या लावल्यात. बाळाकाका म्हणाले, देवाला घाई करू नका. ताटकळून सगळ्यांचे पाय दुखायला लागले, आणि मग दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या. टप्प.

सगळ्यांनी गुरवाकडे बघितलं. गुरवाने मूर्तीकडे बघितलं, घाम पुसला. "देव म्हणता, ह्यो कागद माझ्या टेबलार कित्याक हाडलास?"

महिनाअखेर आली. कौस्तुभने रजा टाकली आणि फाईल घेऊन सारिका मॅडमसमोर बसला. मीही होतो, पिंजरा धरून. फाईल एवढी जाड की रबर लागेना, सुतळी बांधली होती. घराचा उतारा, आजोबांच्या मृत्यूचा दाखला, वारसांचा तक्ता, आत्याची सही, जितूकाकांची सही अटींसह, अंड्यांबाबतचं हमीपत्र, दोन्ही जागांचे फोटो पेपरसह.

मॅडमनी एकेक पान उलटत डॉक्टरांचा दाखला आणि पिंजऱ्याचा एक फोटो तेवढा काढून घेतला. एकदा अंड्यांवर थांबल्या, वर बघितलं, परत खाली बघितलं.

"हे सगळं कोणी मागितलं?"

"म्हणजे... पुढे हरकत नको म्हणून."

"मी लाइट बिल सांगितलं होतं ना?"

"ते मयत आजोबांच्या..."

"अहो, इथे अर्ध्या जिल्ह्याचं लाइट बिल आजोबांच्या नावावर आहे! मी पत्ता बघते, आजोबा बघत नाही." त्यांनी ड्रॉवर उघडून एक कागद काढला. बाळाकाकांची हरकत, शिक्क्यासकट. "पण आता ही फाइलला आलीय. आणि या फोटोंत प्राणी दोन ठिकाणी राहतोय. वाद असलेल्या जागेचा पत्ता मी कसा घेऊ? दुसरा पत्ता आहे?"

"नाही."

"मग ऑफिस बंद व्हायच्या आत बघा. मला आज वर कळवायचंच आहे. पाहिजे तर तोपर्यंत याला इथे ठेवा." आणि हळूच म्हणाल्या, "हा असा तपकिरी का दिसतोय?"

कौस्तुभ उठला. मला वाटलं हा आता काकांकडे जाऊन हरकत मागे घ्या म्हणून पाया पडणार. मी तसं म्हणालोही. तो पायरीवर उभा राहिला, फाईल काखेतून काढली, आणि बाहेर शेंगदाणेवाला होता त्याच्या गाडीवर ठेवली. "पुडये बांधूक घे," म्हणाला. "कागद बरो आसा."

मग तो मालवण बाजारात निलेशकडे गेला. निलेश पर्यटकांना खोल्या देतो. वरची एक लहान खोली रिकामी होती, पूर्वेला खिडकी.

"कोण रवतलो?" निलेशने विचारलं.

"मी. आनि ह्यो." त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. लपवलं नाही.

निलेशने फोटो मोठा करून बघितला. "दारू पिता?"

"नाय."

"रात्री गाणी लावता?"

"नाय."

"टॉवेलान बूट पुसता?"

"नाय रे."

"मगे टुरिस्टांपेक्षा बरो. भाड्याचो करार आत्ताच करून घे."

हडीत एवढं मोठं घर, आंब्याची झाडं, विहीर, आणि त्या घराचा वारस दुपारच्या उन्हात भाडेकरू म्हणून सही करत होता. सही नेहमीसारखी सुंदर आली नाही, हात घाईत होता. ऑफिसचं शटर अर्धं खाली आलं असताना आम्ही आत शिरलो. मॅडमनी करार बघितला, एकच पान, समोरच्या मशीनवर पत्ता बदलला, आणि म्हणाल्या, "झालं."

"बस?"

"बस. अजून काही जोडायचं होतं का?"

कौस्तुभने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

घरी सगळं कळलं तेव्हा बाळाकाका आणि जितूकाका दोघेही एकाच आवाजात म्हणाले, "म्हणजे पडवीचा काय झाला?" काही झालं नाही. जितूकाका चावी घेऊन डोंबिवलीला गेले. जाताना म्हणे त्यांनी खोलीत पंखा तेवढा लावून ठेवला. बाळाकाका एकदा बाजारात आले होते, खोलीखाली उभे राहून वर बघत होते. मी विचारलं, "काका, वर येतास?" तर म्हणाले, "नाय, नाय. ह्या निलेशाच्या घराक हिस्सेदार किती, तां बगी होतंय."

सुभद्राकाकी रोज एसटीने डबा पाठवते. पिशवीत कॅप्टनचा पाला वर असतो आणि कौस्तुभचा सार-भात खाली. खिडकीतून ऊन येतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कॅप्टनने जास्वंदीचं एक फूल खाल्लं आणि शेपटीकडून हिरवा व्हायला लागला. कौस्तुभने मला फोन करून रात्रीच्या जेवणाला बोलावलं, का तर शेपटी दाखवायला.

मी तिथे असतानाच दीपेशचा व्हिडिओ कॉल आला, कुठल्याशा बंदरातून. मागे क्रेनचा खडखडाट. कौस्तुभने कॅमेरा कॅप्टनसमोर धरला. कॅप्टनने आपला तोच जामीनदार-नापसंत चेहरा केला.

"बरो दिसता रे!" दीपेश ओरडला. "पण हय कसली भिंत? तुझा घर न्हय ह्या."

मग कौस्तुभने सगळं सांगितलं. लाइट बिल, कूळ, अंडी, पाकळ्या. जुन्या फोटोंचंही सांगितलं. दीपेश एवढा हसला की त्याच्या मागे दोन फिलिपिनो खलाशी येऊन उभे राहिले. आणि मग हसता हसता तो एकदम थांबला.

"म्हणजे माझ्यासाठी घर सोडलंस?"

"तसा नाय. ऑफिस हयसून जवळ पडता." कौस्तुभ खिडकीबाहेर बघत म्हणाला. ऑफिस खरंच जवळ पडतं, पण त्याला कधी खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. ते लाल होते.

"कौस्त्या, अजून चार म्हयने आसत. सांबाळशीत मा?"

कौस्तुभने मोबाइल माझ्या हातात दिला, कारण कॅप्टनला उचलून घ्यायला त्याला दोन्ही हात हवे होते. कॅप्टन त्याच्या खांद्यावर चढला आणि नखं रोवून बसला.

"आयक दीपेश," तो म्हणाला. "तू येयसर ह्येचो पत्तो बदलूचो नाय. आनि बदलूची पाळी इलीच, तर सगळ्यांत आदी तुका सांगतलंय. दुसऱ्या एका माणसाक इचारूचंय नाय. शपथ."